घरी बीअर चिलर (100 लिटर, काचेचं दार): थंड एकदम मस्त, आवाजाचं मात्र बघावं लागतं

नागपुरात घरी बीअरसाठी वेगळा चिलर घ्यायचा असेल तर आधी एक ठरवा भाऊ, थंडपणा पाहिजे की शांतता, कारण 15-16 हजारात दोन्ही पूर्णच्या पूर्ण मिळत नाही. मी थंडपणा निवडला, आवाज नंतर बराच आटोक्यात आणला, आणि आज कोणी विचारलं तर हाच घे म्हणेन.

ऑनलाइन जे "नो नॉइज" मिनीबार दिसतात ना, त्यातले बरेच पेल्टियरवाले, म्हणजे आत कॉम्प्रेसरच नाही. ते खोलीपेक्षा फार तर 15-20 डिग्री खाली जातात. मे महिन्यात बाहेर 45 आणि घरात कूलर लावूनही 32-33 असतं, मग बाटली 13-14 वर येऊन अडकते, आणि लागर (आपली नेहमीची साधी बीअर) कशी 4 ते 7 च्या मधे पाहिजे. पुण्या-नाशकात हिवाळ्यात चालून जाईल, विदर्भात उन्हाळ्यात पैसे वाया. म्हणून सरळ कॉम्प्रेसरचा, पानठेल्यावर कोल्ड्रिंकला असतो तसाच काचेच्या दाराचा छोटा व्हिसी कूलर घेतला. घेताना मागची प्लेट नक्की वाचा, क्लायमेट क्लास "टी" असेल तर 43 डिग्रीपर्यंतच्या खोलीसाठी बनवलाय, "एन" असेल तर फक्त 32 पर्यंत. दुकानदार हे स्वतःहून सांगत नाही.

थंड करण्यात शंभरपैकी शंभर. 650 मिलीची बाटली उभी मावते, जाळी वरखाली होते, दुपारी भरलं की रात्री जेवणाआधी तयार. फक्त थर्मोस्टॅट एकदम टोकाला नेऊ नका, साधी 5 टक्क्यांची बीअर उणे 2-3 ला गोठायला लागते आणि बाटली फुटू शकते.

आता आवाज. उन्हाळ्यात काहीच कळत नाही कारण घरातला डेझर्ट कूलरच इतका घरघरतो की चिलर त्यात बुडून जातो, खरा त्रास दिवाळीनंतर सुरू होतो, पंखेसुद्धा बंद असतात आणि रात्री हॉलमधून गुर्रर्र ऐकू येतं, मधेच खडखड, मग कॉम्प्रेसर बंद होताना एक धक्का. आईची झोप हलकी, त्यामुळे हे मनावर घेणं भागच होतं.

खडखड तर मशीनची नव्हतीच, बाटल्या एकमेकींना टेकून वाजत होत्या. मधे बोटभर जागा सोडली आणि जाळीवर रबरी मॅट टाकली, संपलं. मागची तांब्याची नळी बॉडीला घासत होती, तिथे फोमचा तुकडा दिला (नळी वाकवू नका, गॅस जाईल). चारही पाय स्क्रूने लेव्हल केले आणि खाली वॉशिंग मशीनचे रबरी पॅड घातले, फरशीतून जाणारी थरथर यानेच सर्वात जास्त कमी झाली. प्लायवुडच्या कपाटात किंवा पोकळ ओट्यावर तर ठेवूच नका, सगळं फर्निचर गुणगुणतं, शिवाय गरम हवा कोंडते, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो म्हणजे आवाजही जास्त वेळ. मागे-बाजूला चार-सहा इंच मोकळे पाहिजेतच. कंडेन्सरवरची (आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या-जाळीवरची) धूळ ब्रशने काढत जा, आपल्याकडे उन्हाळ्यात भरपूर बसते.

रात्री टायमर लावलाय, 11 ते 6 बंद. भरलेला चिलर, दार उघडलं नाही तर सकाळपर्यंत थोडाच गरम होतो आणि बीअरला काही होत नाही, पण मग त्यात दूध, भाजी, दही ठेवायचं नाही, घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवा. टायमर किंवा स्मार्ट प्लग 16 अँपियरचाच घ्या, कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढतो. लाइट जाऊन लगेच आली तर तीन-चार मिनिटं थांबूनच चालू करा, नाहीतर डिले असलेला स्टॅबिलायझर बसवा.

फॅनची बारीक सूं-सूं आणि गॅसची खळखळ राहतेच, ती जाणार नाही. वन बीएचकेमधे झोपायच्या खोलीत ठेवणार असाल तर घेऊ नका. हॉल, पॅसेज किंवा झाकलेली बाल्कनी असेल तर बिनधास्त घ्या, पण बाल्कनीत थेट ऊन नको, हिरव्या बाटलीतल्या बीअरला उजेडाने घाण वास येतो, आतला एलईडीसुद्धा मी बंदच ठेवतो. डेझर्ट कूलरच्या समोर ठेवला तर काचेवर पाणी जमून खाली ओघळतं, तेवढी जागा बदला.