ठुशी-नथीच्या कॅटलॉगसाठी कॅननची १०० एमएम एल मॅक्रो

कॅटलॉगात ३ सेंटीमीटर रुंद चौकटीत ठुशीचा मणी न् मणी सुटा दिसायला हवा असेल, तर ही मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स पैसे वसूल करते. १:१ आकारमान मिळतं, म्हणजे सेन्सरवर वस्तू तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते, कडांपर्यंत रेखीव. पण १:१ ला वस्तू आणि लेन्समध्ये वीतभरही अंतर उरत नाही, त्यामुळे लेन्सची सावली नथीवर पडते. दिवा बाजूने, ट्रेसिंग पेपरआडून द्या. समोरून सपाट उजेड दिलात की मण्यांमधल्या फटी भरून जातात आणि छापल्यावर ठुशी म्हणजे नुसता पिवळा पट्टा!

सगळं फोकसमध्ये यावं म्हणून लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) अगदी बारीक करून एफ/२२ वर जाऊ नका. इतक्या जवळून डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडतं. एफ/८ ठेवून, फोकस किंचित सरकवत ८-१० फ्रेम घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक जोडून एकच फोटो करा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर (हाताचा थरथराट सावरणारी लेन्समधली सोय) बंद.

३ सेंटीमीटरला ३०० डीपीआयने (छपाईत इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ३५४ पिक्सेल लागतात. आधी तेवढं लहान करा, शार्पनिंग (कडा सॉफ्टवेअरने ठळक करणं) त्यानंतरच. उलट केलंत तर मोत्यांभोवती पांढरी कड उमटते. लेन्स ट्रायपॉडला बसवायची रिंग मात्र वेगळी विकत घ्यावी लागते, हा कंजूषपणाच.