टीव्हीवर इंटरनेट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

संगणक नसलेल्या घरात टीव्हीवरच इंटरनेटचं सगळं काम भागेल का? १ जीबी रॅम आणि ८ जीबी स्टोरेजचा साधा अँड्रॉइड बॉक्स (टीव्हीला जोडून त्यावर इंटरनेट दाखवणारी छोटी डबी) आठ महिने वापरल्यावर उत्तर स्पष्ट आहे : बघण्याचं भागतं, लिहिण्याचं नाही.

आधी वीज. बॉक्स टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका. यूएसबी २.० पोर्टमधून जेमतेम ५०० मिलिअँपिअर मिळतात. व्हिडिओ सुरू झाला की व्होल्टेज पडतं, बॉक्स रीस्टार्ट होतो आणि बोल नेटला लागतो. ५ व्होल्ट, २ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर लावा.

खरी मेख घड्याळात आहे. बऱ्याच स्वस्त बॉक्समध्ये घड्याळाची बॅटरीच नसते. वीज गेली की तारीख काही वर्षं मागे जाते, मग सुरक्षित साइट्सची प्रमाणपत्रं, म्हणजे साइट खरी असल्याचे ठरावीक मुदतीचे डिजिटल दाखले, अवैध ठरतात. वायफाय जोडलेलं दिसतं, पान मात्र उघडत नाही. तारीख ‘नेटवर्कवरून’ घ्यायचं सेटिंग चालू ठेवा आणि राउटर पूर्ण सुरू झाल्यावरच बॉक्स लावा. जिथे वीज सारखी जाते तिथे हे रोजचंच दुखणं, आणि असे बॉक्स विकले जातात ते नेमके तिथेच.

जुन्या ट्यूबच्या टीव्हीला एचडीएमआय-एव्ही कन्व्हर्टर (बॉक्सचं चित्र जुन्या टीव्हीच्या एव्ही पिनांना जोडणारं यंत्र) चालतो, पण बारीक अक्षरं विरघळतात आणि कडा कापल्या जातात. ब्राउझरचा झूम १५० टक्क्यांवर न्या, डिस्प्ले सेटिंगमध्ये चित्र थोडं आत घ्या.

रिमोटने मराठी लिहून बघा. ‘कृष्णा’साठी क, ृ, ष, हलन्त, ण आणि काना अशी सहा बटणं, आणि प्रत्येकापर्यंत बाणाने चालत जायचं! टचपॅडवाला वायरलेस कीबोर्ड हवाच. तरीही पासवर्ड टाकताना अख्खी खोली बघत असते, म्हणून बँकेचं काम फोनवरच करा.

अमेरिकेत १९९६ साली आलेला वेबटीव्ही, टीव्हीला जोडायचा इंटरनेटचा डबा, हेच स्वप्न घेऊन आला होता. मायक्रोसॉफ्टने तो १९९७ मध्ये विकत घेतला, २०१३ मध्ये सेवा बंद झाली. आता खासगी कामं फोनने उचलली आहेत, त्यामुळे टीव्हीकडे उरतं ते चौघांनी मिळून बघायचं : धडे, शेतीचे व्हिडिओ, दूरच्या नातलगांचे फोटो. इतकंही थोडं नाही, या कामासाठी टीव्हीवरचं इंटरनेट नक्की टिकेल.

डेटा मोजून मिळत असेल तर व्हिडिओ ४८०पी वर ठेवा, एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जातात. नवा बॉक्स घेताना २ जीबी रॅम आणि लॅन पोर्ट (वायरने नेट जोडायची खाच) बघूनच घ्या.