चौकातला व्हिडिओ की हातातला मोबाईल?

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ सालचा. आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावात तो तान्ह्या पोळ्याच्या रात्री भाड्याच्या व्हिडिओवर आला. घरटी वर्गणी, मारुतीच्या पारावर टीव्ही, खाली आम्ही पोती अंथरून. मधेच लाईन गेली, भुरभुर पाऊस आला. बाबांनी टीव्हीवर ताडपत्री धरली, पण एकही माणूस उठला नाही! लाईन आली तेव्हा पहाट होत होती, आणि लक्ष्मीकांत साडीत दिसताच माझी आजी पदर तोंडाला लावून हसत सुटली. तसं हसताना मी तिला एरवी पाहिलंच नाही.

परवा कापूस वेचून आल्यावर तोच सिनेमा मोबाईलवर पाहिला. चित्र स्वच्छ, प्रत्येक संवाद ऐकू आला. तेव्हा हशात निम्मे बुडाले होते. भाड्याच्या खोलीसाठी चौघांची वणवण आता जास्त कळते. यवतमाळला शिकायला गेल्यावर मीही दारोदार फिरलो होतो. लक्ष्मीकांत आणि सिद्धार्थ रे दोघेही २००४ मध्ये गेले, हे आठवून मात्र गळा दाटतो.

सिनेमा नीट पाहायचा तर मोबाईलच बरा. मला तरी चौकच हवा, ताडपत्रीसकट. पुढच्या तान्ह्या पोळ्याला पारावर पडदा लावायचं पोरांशी बोललोय.