प्रेस शॉपमध्ये धोके शोधायला चेकलिस्ट बरी की जेएसए (जॉब सेफ्टी ॲनालिसिस)?

भोसरी-चाकणकडच्या छोट्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे प्रेस मशीनवर पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या वर्कशॉपमध्ये, सेफ्टी म्हणजे बहुतेकदा चेकलिस्टच, सुपरवायझर राउंड मारतो, गार्ड आहे का हो, अर्थिंग आहे का हो, सही केली झालं. ते वाईट नाही हां, थोड्या वेळात आख्खा शॉप बघून होतो आणि उघडी वायर, सांडलेलं तेल लगेच सापडतं. रोज करावंच.

पण बोटं जातात ती चेकलिस्टमध्ये नसलेल्या क्षणाला. जेएसए म्हणजे ऑपरेटरसोबत उभं राहून एकेक स्टेप लिहायची, पट्टी सरकवली, पेडल मारलं, जॉब (बनणारा पार्ट) डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकला, आणि इथे बघा तो काय करतो, सरळ बोट घालतो, कारण चिमटा हाताशी नसतो आणि नगावर पैसे मिळतात. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, बराच वेळ फिरत असतं. त्यात पिन क्लचचा (फिरत्या चाकाला पिनने जोडला जाणारा) जुना प्रेस एकदा सुटला की स्ट्रोक पूर्ण करूनच थांबतो, म्हणजे लाइट कर्टन (हात आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा सेन्सर) लावून उपयोग नाही, बोट जाणारच नाही असा फिक्स गार्डच हवा. चेकलिस्टवर मात्र 'सेन्सर आहे, ओके'.

जेएसएला वेळ जातो, मालक कुरकुरतात. म्हणून सुरुवात प्रेस आणि डाय सेटिंगपासून करा, तसंही २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी ॲक्ट १९४८ च्या कलम २१ मध्येही मशीनच्या धोकादायक भागांना गार्ड सक्तीचाच होता. आणि रिस्क मोजताना 'आजवर काही झालं नाही' म्हणून अपघाताच्या शक्यतेला १, म्हणजे सगळ्यात कमी, मार्क देऊ नका, एका शिफ्टमध्ये हजारो स्ट्रोक पडतात हो.