पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर एकवीस दिवसांचा डबा

पित्ताची पिशवी दुर्बिणीतून काढल्यावर दुसऱ्याच दिवशी मला घरी सोडले. पोटावरच्या चार छोट्या टाक्यांपेक्षा उजवा खांदाच अधिक ठणकत होता. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात वायू भरतात, त्यामुळे तीन-चार दिवस असे होते, हे फोन केल्यावर समजले. त्याहून मोठी अडचण जेवणाची होती. घरात मी एकटाच असल्याने जळगावातील एका ताईंचा घरगुती डबा एकवीस दिवसांसाठी लावला. हा अभिप्राय त्याविषयी आहे.

आपल्याकडे आंबट ढेकर आली तरी ‘पित्त झाले’ म्हणतात. त्यामुळे शेवभाजी किंवा वरण-बट्टी खाल्ल्यावर रात्री उजव्या बरगडीखाली उठणारी आणि पाठीत खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाणारी कळ मी दोन वर्षे थंड दूध आणि मोरावळा यांवर काढली. सोनोग्राफीत खडे दिसले तेव्हा उलगडा झाला. तेल-तूप पोटात गेले की साठवलेले पित्त सोडण्यासाठी पिशवी आकुंचन पावते, आणि तोंडाशी खडा अडकलेला असला की कळ उठते. आता पिशवीच नसल्याने यकृतातून पित्त थेट आतड्यात थेंब थेंब उतरत राहते. म्हणून स्निग्ध पदार्थ एकदम न खाता दिवसभरात थोडे थोडे खावेत, असे डॉक्टरांनी बजावले होते.

ताईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “भाऊ, तेल मी पळीने नाही, चमच्याने घालीन.” हा शब्द त्यांनी पाळला की नाही, हे मी डबा धुताना पाहत असे. भाजीचा कप्पा नुसत्या पाण्याखाली धरला की बोट चरचर करीत फिरे. चिकट तवंग राहत नसे. मुगाचे वरण, दुधीची किंवा गिलक्याची भाजी, ज्वारीची भाकरी आणि लोणी काढलेल्या ताकाची कढी एवढ्या साध्या जेवणालाही लसूण-जिऱ्यामुळे चव होती. पथ्याचे म्हणून बेचव करून ठेवायचे, ही आजारी माणसाला होणारी शिक्षा त्यांनी मला दिली नाही.

तक्रारी दोन आहेत. पाचव्या दिवशी कळण्याची भाकरी आली. ज्वारीबरोबर दळलेल्या उडदाने पोट असे फुगले की खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरावी लागली. दुसऱ्या आठवड्यात बहुधा दुसऱ्या कोणाचा डबा माझ्याकडे आला आणि वरून फोडणी ओतलेली फौजदारी डाळ मी, वास आवरेना म्हणून, अर्धी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन वेळा शौचास पळावे लागले. चूक निम्मी माझी असली, तरी पथ्याच्या डब्यावर वेगळी खूण हवी, असे मी त्यांना सांगितले. तेव्हापासून कडीला हिरवा दोरा बांधलेला असतो.

चौथा आठवडा लागताना डॉक्टरांनी थोडे थोडे नेहमीचे खायला परवानगी दिली आणि शेवटच्या डब्यात ताईंनी न विचारता वाटीभर भरीत पाठवले. वांगी भाजून बडगीत ठेचलेली, कांद्याची पात भरपूर, शेंगदाणे मोजून चार आणि तेल जेमतेम दिसेल एवढेच. ते सावकाश, दुपारीच खाल्ले. रात्री कळ उठली नाही.

एका डब्याला एकशे दहा रुपये पडतात, आणि वेगळी भाजी करावी लागत असूनही पथ्यासाठी जास्त पैसे घेत नाहीत. रात्रीचा डबा मात्र साडेआठनंतर येतो. जेवून लगेच आडवे होणे मला अजून सोसत नाही, म्हणून पुढच्या महिन्यासाठी मी फक्त दुपारचा डबा चालू ठेवला आहे. रात्री मुगाची खिचडी घरीच लावतो.