एका हाताने उचललेला दांडा

"अरे दीदी, एक हाथ से उठा लो!" असं म्हणत विकणाऱ्याने कॅम्पिंग ट्रेलरचा गाडीला जोडायचा पुढचा दांडा खरंच एका हाताने उचलून दाखवला. मग माझ्या दिराने उचलला. मग मीही उचलून पाहिला आणि मला हायसं वाटलं. एवढं मोठं घर चाकांवर, आणि नाक इतकं हलकं! त्या हलकेपणावर भाळून आम्ही ६ लाख ४० हजार रुपये मोजले. आता इंदूरच्या आसपास कॅम्पिंगचे ट्रेलर बांधून देणारे निघालेत आणि माझ्या ओळखीतली दोन घरं अशा चौकशीत आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही इंदूरच्या लोकमान्यनगरात राहतो. सासूबाई ७६ वर्षांच्या. नर्मदा परिक्रमा करायची ही त्यांची फार दिवसांची इच्छा, पण गुडघे साथ देत नाहीत आणि रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. गाडीने करावी तर मुक्कामाच्या ठिकाणी संडास-बाथरूम कसं असेल याचा घोर. म्हणून ही कल्पना निघाली: आपल्या सात सीटच्या डिझेल गाडीला मागे छोटा ट्रेलर, त्यात पलंग, ओटा, टाकी आणि स्वच्छतागृह.

शहराबाहेरच्या एका वर्कशॉपने तयार ट्रेलर दाखवला. वजन विचारलं तर धर्मकाट्याची, म्हणजे ट्रक तोलतात त्या काट्याची, पर्ची पुढे केली. ग्रॉस (ओढणारी गाडी आणि ट्रेलर मिळून) २,६१० किलो, टेअर (नुसती गाडी) १,८७०, नेट (नुसता ट्रेलर) ७४०. "साढ़े सात सौ के नीचे है, न ब्रेक चाहिए, न आरटीओ का झंझट." ट्रेलर जोडायचा टोचन हूकही त्यानेच आमच्या गाडीला वेल्डिंग करून बसवून दिला. बिलावर फक्त 'कॅम्पिंग ट्रेलर, १ नग' एवढंच लिहिलं होतं. वजन नाही, चेसिस नंबर नाही. तेव्हा ते डोळ्यांत भरलं नाही.

परिक्रमेआधी एक फेरी करून पाहू म्हणून जानेवारीत ओंकारेश्वरला निघालो. सिमरोलच्या पुढे भेरूघाटाचा उतार लागला. गाडीचा वेग ५० च्या आसपास असेल. एक ट्रक ओव्हरटेक करून पुढे गेला, आणि त्याच्या वाऱ्याच्या झोताने मागे काहीतरी डोललं. आधी एक हलकासा हिसका, मग डावीकडे, मग उजवीकडे, प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. ह्यांनी घाबरून ब्रेक दाबला. गाडी मंदावली, पण मागच्या ट्रेलरला कुठे ब्रेक होते? त्याने गाडीला मागून ढकललं आणि आमची मागची चाकं आडवी सरकली. मला आरशात ट्रेलरचं दार दिसलं. मागे असलेल्या वस्तूचं दार शेजारच्या आरशात दिसणं म्हणजे काय, हे मी विसरू शकत नाही. गाडी डोंगराच्या बाजूला जाऊन घासत थांबली. दरीच्या बाजूला नाही, एवढंच.

कुणाला लागलं नाही. सासूबाई उतरल्या, ट्रेलरकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही गाडी उलाळ झाली आहे."

त्यांचं माहेर जळगावकडचं, शेतकऱ्याचं. बैलगाडीत मागच्या बाजूला ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला पट्टे काचतात आणि गाडी सावरत नाही. त्याला उलाळ होणं म्हणतात. थोडा भार जोखडावर राहिलाच पाहिजे. आम्ही सगळे शिकलेले, पण ज्या हलकेपणावर आम्ही भाळलो, तोच दोष आहे हे घरात फक्त त्यांना कळलं.

ट्रेलर क्रेनने परत आणला आणि दोन दिवसांनी देवास नाक्याकडच्या एका धर्मकाट्यावर नेला, प्रवासात होता तसाच, भरलेला. आधी गाडी आणि ट्रेलर मिळून: ३,२७०. मग ट्रेलर सोडून नुसती गाडी: १,९००. म्हणजे ट्रेलर १,३७० किलो. टाकीतलं १५० लिटर पाणी सोडून दिलं, लिटरला एक किलो धरून १५० उतरले. आमचं सामान, सिलेंडर, भांडी, गाद्या मिळून १३० किलो. सगळं काढून कोरा ट्रेलरच १,०९० भरला. पर्चीवर होते ७४०.

काट्यावरच्या माणसाने जुनी पर्ची हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "इसकी तारीख देखी?" तारीख होती ११ नोव्हेंबर. माझ्या मोबाइलमध्ये वर्कशॉपवाल्यानेच पाठवलेला १४ नोव्हेंबरचा फोटो होता: नुसता सांगाडा आणि बाहेरचे पत्रे. पलंग, ओटा, प्लायवुडची कपाटं, बॅटऱ्या, टाकी, काहीच बसलेलं नव्हतं. वजन खरं होतं, पण ते आम्ही विकत घेतलेल्या वस्तूचं नव्हतं.

दांड्याचं वजन मात्र ट्रकच्या काट्यावर नीट कळत नाही, कारण तिथे आकडा दहा-दहा किलोंनी सरकतो. ते मी घरी केलं. सपाट जमीन, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, आणि गाडीचा हूक जितक्या उंचीवर असतो तितक्या उंचीचा लाकडी ठोकळा आपल्या नेहमीच्या वजनकाट्यावर उभा. त्यावर दांडा टेकवला. सामान काढलेलं, टाकी रिकामी: ८८ किलो. मग पाइप लावून टाकी भरली. आकडा खाली खाली येत गेला आणि ३२ वर थांबला. टाकी चाकांच्या पार मागे, मागच्या भिंतीला लावलेली आहे. पाणी भरलं की मागची बाजू दबते आणि पुढचा दांडा उचलला जातो. विकत घेण्याच्या दिवशी ती टाकी काठोकाठ भरलेली होती. "पानी भी चालू करके दिखाते हैं," म्हणून त्यानेच भरून ठेवली होती. मला याचाच सर्वांत जास्त संताप येतो. ज्या गोष्टीने घाटात आमचा जीव गेला असता, तीच वापरून त्याने ट्रेलर हलका भासवला.

युरोपात दांड्यावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के भार ठेवतात, अमेरिकेत १० ते १५. आमचा टाकी भरून, सामानाविना अडीच टक्क्यांच्या आसपास होता. दांडा जड असेल आणि काट्याच्या मर्यादेबाहेर जात असेल तर फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर ठेवा. दांडा विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फुटांवर टेकवा. नुसती फळी ठेवल्यावर काट्यावर दिसतो तो आकडा वजा करून उरलेल्या आकड्याची तिप्पट म्हणजे दांड्याचं वजन.

ब्रेकचं आणि आरटीओचंही तो खोटंच बोलला. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. आपल्याकडच्या वर्गवारीतही ७५० किलोपर्यंत टी१ आणि त्यापुढे साडेतीन टनांपर्यंत टी२. रिकाम्या सांगाड्याची पर्ची त्याला का हवी होती, ते इथे कळतं. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे. वजन कितीही कमी असो, 'आरटीओ नको' हे खरं नाही.

आमच्या गाडीचंही सांगते. इंग्लंडमधले कॅरॅव्हॅनवाले नवख्यांना सांगतात की ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. आमचा ७५ टक्क्यांच्या जवळपास निघाला, म्हणजे तेवढ्यापुरतं बसत होतं. पण ते गणित ब्रेक असलेल्या ट्रेलरचं. शिवाय गाडीच्या पुस्तिकेत किती वजन ओढता येतं याचा आकडाच नाही. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने स्पष्ट सांगितलं, "काकू, आकडा दिला नसेल तर ओढायचं नाही." हे खरेदीच्या आधी विचारायला मला दहा मिनिटं लागली असती.

वर्कशॉपवाला आता फोन उचलत नाही. मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ५० लाखांपर्यंतचा व्यवहार तिथे चालतो, ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला शुल्क २०० रुपये, मुदत दोन वर्षांची. १९१५ या हेल्पलाइनवरही सल्ला मिळतो. दोन्ही पर्च्या, १४ नोव्हेंबरचा फोटो आणि काट्यावर ३२ आकडा दिसतानाचा व्हिडिओ जोडला आहे. बिलावर वजन नाही, हीच आमची कच्ची बाजू आहे. तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी तयार ट्रेलर तुमच्यासमोर, तुमच्या पसंतीच्या काट्यावर तोलून घ्या, एकदा टाकी भरून आणि एकदा रिकामी करून, आणि तो आकडा बिलावर लिहून घ्या. विकणारा नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

सासूबाई फेब्रुवारीत एका मंडळाच्या बसने परिक्रमेला गेल्या. मी सोबत होते. स्वच्छतागृहाचे हाल झाले, पण त्या एकदाही कुरकुरल्या नाहीत. ट्रेलर राऊला दिराच्या प्लॉटवर ताडपत्रीखाली उभा आहे. वजनकाटा, ठोकळा आणि फळी मात्र घरीच आहेत. इंदुरात कुणी ट्रेलर बघायला निघालं असेल तर ते घेऊन मी स्वतः सोबत येईन.