जुन्या रेझरवर "ए-५" कोरलेलं दिसलं तर घेऊ नका (सोलापूरचा अनुभव)

जानेवारीत माझे ४,२०० रुपये गेले. रक्कम फार मोठी नाही, पण ज्या पद्धतीनं गेले ते सगळं लिहून ठेवतोय, कारण तो माणूस अजून विकतोय.

मला जुने सेफ्टी रेझर जमवायचा नाद आहे आणि जमवलेल्यानं रोज दाढी पण करतो. सुरुवात आजोबांपासून झाली. ते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, पहिल्या पाळीला जायच्या आधी पहाटे चुलीवरच्या गरम पाण्यानं दाढी करायचे. त्यांचा तीन तुकड्यांचा जिलेट टेक, मेड इन इंग्लंडवाला, अजून माझ्याकडे आहे. निकेलचं पाणी कडेनं उडालंय, आतलं पितळ दिसतं, पण ब्लेड आजही दोन्ही बाजूंनी सारखं बसतं, एका केसाचा फरक नाही.

मित्राच्या ओळखीतून एकाचा नंबर मिळाला, जुन्या वस्तू विकतो म्हणून. पहिल्याच फोनवर मी त्याला आजोबांचं, मिलचं सगळं सांगून बसलो. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, "काका, १९५५ चा अमेरिकन सुपर स्पीड हाय, आमच्या आजोबांच्या ट्रंकेत निघाला, ते पण मिलमध्येच होते की ओ." मला तेव्हा लई बरं वाटलं. माझंच बोलणं त्यानं मला परत ऐकवलं होतं हे नंतर लक्षात आलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सुपर स्पीड म्हणजे जिलेटनं १९४७ साली काढलेला बटरफ्लाय रेझर, दांडीच्या खालची मूठ फिरवली की वरची दोन दारं उघडतात. डोक्याच्या मधल्या पट्टीला खाचा असतात, त्या काळी डिस्पेन्सरमधून ब्लेड सरळ आत सरकवता यावं म्हणून. आणि १९५० च्या दशकापासून अमेरिकन जिलेटवर डोक्याच्या खालच्या बाजूला तारखेचा कोड यायला लागला, अक्षर म्हणजे वर्ष आणि आकडा म्हणजे तिमाही. ए म्हणजे १९५५, बी १९५६, सी १९५७ असं. हे मला पाठ आहे, तरी मी फसलो.

फोटो त्यानं तीन पाठवले, दोन वरून आणि एक डबीचा. खालचा फोटो मागितला तर म्हणाला कॅमेरा फोकस धरत नाही, समोरच बघा. भेट कुठं, तर स्टेशनवर, "मी सकाळच्या हुतात्मानं पुण्याला निघालोय, नंतर महिनाभर यायचा नाही." गड्ड्याची यात्रा चालू होती, थंडी मरणाची, अजून उजाडलं नव्हतं. चहाच्या स्टॉलजवळच्या उजेडात त्यानं डबी उघडली. डबी खरी होती, जुन्या प्लास्टिकची, कोपऱ्याला तडा गेलेली, पिवळट पडलेली, आणि खरं सांगायचं तर मी डबीच बघत बसलो. रेझर हातात घेतला, मूठ फिरवली, दारं उघडली, खाली "ए" दिसला, तेवढ्यात तो म्हणाला गाडी लागली काका. फोनवरून पैसे पाठवले आणि तो गेला.

घरी येऊन साबणाच्या पाण्यात बुडवून, टूथब्रशनं घासून, कोरडा करून दाढीला घेतला. पहिल्याच हाताला हनुवटीवर लागलं. आरशात धरून बघितलं तर ब्लेड एका बाजूनं जास्त बाहेर आलेलं. मग खिडकीत नेऊन भिंग लावलं आणि पोटात गोळा आला. मधल्या पट्टीला खाचाच नाहीत. जिलेटचं नाव नाही, मेड इन यूएसए नाही, तिथं नुसतं घासून गुळगुळीत केलेलं. आणि कोड? "ए-५". तिमाही चारच असतात ओ, पाच कुठून आणणार! त्याला वाटलं असेल ए-५ म्हणजे पंचावन्न. अक्षर पण साच्यानं दाबलेलं नव्हतं, हातानं सुईसारख्या कशानं तरी कोरलेलं, रेषा थरथरलेली.

तरी मन मानेना म्हणून सराफ बाजारात ओळखीच्या सराफांकडे गेलो. त्यांनी मूठ फिरवून आतल्या बाजूला, जिथं दिसणार नाही तिथं, बारीक कानस एकदाच ओढली आणि भिंग माझ्या हातात दिलं. आत राखाडी. "दादा, हे पितळ नाही, जस्ताचं मिश्रण आहे, वरून चमक आणि मग काळपट केलंय." सुपर स्पीडची मूठ घासली असती तर पिवळं दिसलं असतं. म्हणजे पाचशे-सहाशेला मिळणारा आजकालचा नवा बटरफ्लाय रेझर, नाव घासून, कळकट करून, एका खऱ्या जुन्या डबीत घातलेला. वाईट याचं वाटतं की ती डबी पण कुणाच्या तरी घरातली असणार.

फोन आधी लागत होता, मग बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरवर तक्रार नोंदवली, पैसे पाठवल्याचा पुरावा आणि सगळे मेसेज घेऊन पोलिसांत लेखी अर्ज दिला. पैसे अजून आले नाहीत. पण मेसेज पुसू नका, मी एकदा रागात पुसणार होतो, मुलीनं हात धरला म्हणून राहिले.

आता मी काय करतो ते सांगतो. दारं उघडी ठेवून, खालची अक्षरं दिसतील असा व्हिडिओ मागतो, कागदावर त्या दिवशीची तारीख लिहून शेजारी ठेवायला सांगतो, आणि फोकस होत नाही असं कुणी म्हणालं की तिथंच थांबतो. भेटायचं तर दिवसा, पार्क चौकात नाहीतर नव्या पेठेत कुठल्या तरी हॉटेलात बसून, भिंग खिशात. एक ब्लेड सोबत नेतो, लावून उजेडाकडे धरलं की दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते लगेच कळतं, आणि ते नसेल बघितलं तर कातडी सांगतेच. दांडीवर पाणी चढवून चकचकीत केलेला रेझर पण नीट बघावा, नवीन पाणी म्हणजे फसवणूकच असं नाही, काही लोक मनापासून दुरुस्त करतात, पण जाड पाण्याखाली कोडची अक्षरं बुजतात, आणि विकणाऱ्यानं ते आधी सांगायला पाहिजे.

मागच्या आठवड्यात बार्शीच्या एका ओळखीच्या मास्तरांनी मला एक फोटो पाठवला, "घेऊ का?" म्हणून. तीच डबी नाही, पण तोच रेझर, तेच आजोबा, फक्त या वेळी आजोबा रेल्वेत होते. मी म्हणालो खालचा फोटो मागा. दोन दिवस टाळाटाळ करून शेवटी आला. ए-५. मास्तरांनी घेतला नाही. नंबर नवा आहे, तो मी पोलिसांना दिलाय.